टाकी बघून गाडी ठरवू नका: रेट्रो बाइक रोजच्या वापरात कुठे जमते, कुठे अडते

ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०च्या सिलिंडरमागे दोन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) दिसतात, अगदी जुन्या ॲमल कंपनीच्या कार्ब्युरेटरसारखे. पण ते कार्ब्युरेटर नाहीतच. फ्युएल इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडीला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाला, तो जुना अंगरखा घातलेला आहे. सिलिंडरवर हवेने गार होणाऱ्या इंजिनासारख्या पात्या आहेत, आणि फ्रेमच्या पुढच्या दोन नळ्यांच्या मध्ये, पटकन दिसू नये अशा बेताने, रेडिएटर बसवलाय. रूप १९५९ साली आलेल्या बॉनव्हिलचं, आणि आतलं १२०० सीसीचं इंजिन २०१६ सालचं, पाण्याने गार होणारं.

त्यामुळे ‘रेट्रो बाइक रोज चालवायला परवडते का’ हा प्रश्न असा मोघम विचारला तर त्याला उत्तर नाही. रेट्रो हे रूपाचं नाव आहे, यंत्राचं नाही. गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, सरळ सीट आणि दोन आरसे एवढं एकसारखं ठेवून आत काहीही असू शकतं.

आणखी एक गंमत आहे. लोक ज्या गोष्टींना घाबरतात, म्हणजे किक मारून घाम फुटणं, इंजिनाखाली तेलाचं थारोळं, भर रस्त्यात बंद पडणं, त्या नव्या रेट्रो गाड्यांत जवळपास उरलेल्या नाहीत. इंजेक्शन आहे, सेल्फ आहे, एबीएस आहे. रोज चालवताना त्रास होतो तो भलत्याच ठिकाणी: ट्यूबच्या टायरचं पंक्चर, छातीवर आदळणारा वारा, क्रोमवरचे तांबूस ठिपके, आणि बॅग बांधायला नसलेली जागा. शोरूममध्ये उभ्या गाडीत यातलं काहीच कळत नाही.

आधी तीन प्रकार वेगळे करू

पहिला प्रकार म्हणजे आधुनिक गाडीला चढवलेला जुना पोशाख. कावासाकी झेड९००आरएस १९७२च्या झेड१ची आठवण करून देते, पण तिचं ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन झेड९०० या सरळसोट आधुनिक गाडीतून आलंय. सिलिंडर हेडवरच्या पात्या निव्वळ शोभेच्या. यामाहाच्या एक्सएसआर७०० आणि एक्सएसआर९०० या तशाच एमटी-०७ आणि एमटी-०९च्या अंगावर उभ्या आहेत. या गाड्या चालवायला आधुनिकच असतात. त्यांची परीक्षाही तशीच करायची.

दुसरा प्रकार मुळातूनच जुन्या वळणाचा: रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, होंडाची सीबी३५०, कावासाकी डब्ल्यू८००. इंजिन हवेने गार होणारं, मागे दोन शॉकअप, लोखंडी मडगार्ड, आरामात फिरणारं इंजिन. इलेक्ट्रिकचा भाग आणि ब्रेक आजचे, बाकी स्वभाव जुना. बॉनव्हिल या दोन्ही प्रकारांच्या मध्ये कुठेतरी बसते.

तिसरा प्रकार म्हणजे कापून-जोडून बनवलेली गाडी. कोणीतरी जुनी गाडी घेतली, मागची फ्रेम कापली, मडगार्ड काढलं, एअर फिल्टरचा डबा फेकला. तिच्याबद्दल शेवटी बोलू, कारण तिचे प्रश्न वेगळे आहेत.

अस्सल जुनी, चाळीस-पन्नास वर्षांची गाडी हा छंद आहे. रोजच्या प्रवासाच्या हिशेबात ती इथे धरलेली नाही.

‘३५० सीसी असून इतकी कमी ताकद?’

दुसऱ्या प्रकारातल्या गाड्यांबद्दल हा प्रश्न हमखास येतो. क्लासिक ३५०ची ताकद २०.२ बीएचपी. ट्रायम्फ स्पीड ४०० फक्त पन्नासेक सीसीने मोठी, पण ताकद ४० पीएस (बीएचपीच्या जवळपासचंच माप), म्हणजे जवळपास दुप्पट. हे कसं, ते एका छोट्या हिशेबातून समजतं.

क्लासिकच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिमी आणि पिस्टनची धाव ८५.८ मिमी. म्हणजे अरुंद आणि उंच. स्पीड ४००चा व्यास ८९ मिमी आणि धाव ६४ मिमी, म्हणजे रुंद आणि बुटका. इंजिनाच्या एका फेरीत पिस्टन धावेच्या दुप्पट अंतर कापतो, एकदा वर आणि एकदा खाली. क्लासिकचं इंजिन ६१०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६१०० फेऱ्यांना, पूर्ण ताकद देतं, तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.४ मीटर होतो. स्पीड ४०० पूर्ण ताकद देते ८००० आरपीएमला, आणि तिथे पिस्टनचा वेग १७.१ मीटर. म्हणजे दोन्ही पिस्टन जवळजवळ सारखेच धावतायत. फरक एवढाच की आखूड धावेच्या इंजिनाच्या तेवढ्याच वेळात जास्त फेऱ्या होतात, आणि ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फेऱ्या. त्यात रुंद सिलिंडरच्या डोक्यावर चार मोठे वाल्व्ह बसतात. क्लासिकला दोनच आहेत.

आता उलट बाजू. क्लासिकचा २७ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो, आणि तिथे तिची ताकद साधारण १५ बीएचपी भरते. तिथून ६१००पर्यंत पिळली तर हाती येते फक्त एक तृतीयांश जास्त ताकद, आणि सोबत भरपूर थरथर. होंडाच्या सीबी३५०चा ३० न्यूटन-मीटरचा टॉर्क तर ३००० आरपीएमलाच येतो. थोडक्यात या गाड्यांचं सगळं देणं खालच्या मजल्यावर आहे.

टॉर्क खाली मिळतो याचं सगळं श्रेय लांब धावेला दिलं जातं, ते खरं नाही. वाल्व्ह उघडणाऱ्या कॅमची घडण आणि हवा आत घेणारा अरुंद इनटेक यांचा वाटा त्यात मोठा आहे. गर्दीत क्लच सोडताना गाडी गचके देत नाही, ते मुख्यतः जड फ्लायव्हीलमुळे, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या वजनदार चाकामुळे.

रोजच्या वापरात याचा अर्थ असा: ताशी ३० ते ७० किलोमीटरच्या टप्प्यात ही इंजिनं चालवायला अतिशय सोपी. गियर कमी बदलावे लागतात, हात दुखत नाही. पण रोजच्या रस्त्यात महामार्गाचा मोठा तुकडा असेल आणि ताशी शंभरने जाणाऱ्या ट्रकला मागे टाकायचं असेल, तर ३५० सीसीच्या इंजिनाकडे शिल्लक काही नसतं. ओव्हरटेकला लागणारी जागा आधीच हेरून ठेवावी लागते. तिथे ६५० किंवा ९०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन हवं. बॉनव्हिल टी१००चा ८० न्यूटन-मीटर टॉर्क ३७५० आरपीएमला मिळतो; तिला गियर न बदलताही पुढे जाता येतं.

थरथरीबद्दल थोडं. एका सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली होणाऱ्या पिस्टनला तोलायला जोडीदार नसतो. हल्लीच्या इंजिनांत उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट घालतात, त्यामुळे पूर्वीसारखी मुंग्या आणणारी थरथर राहिलेली नाही. पण शून्य झालेली नाही. दर महिन्याला सायलेन्सरच्या पट्ट्या, आरसे, नंबर प्लेट आणि साइड स्टँडचे बोल्ट पान्याने तपासा. एखादा सारखा ढिला होत असेल तर मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब लावा. जास्त आवळून आटे घालवू नका. आणि हँडलवर मोबाइल लावत असाल तर रबराच्या गाद्या असलेला होल्डर घ्या. मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं अ‍ॅपलने २०२१ साली स्वतःच कळवलं होतं. बाकी फोनच्या कॅमेऱ्यांतही तसलीच हलती भिंगं असतात.

चाकं: इथेच खरा निर्णय होतो

रेट्रो गाडी रोजच्या वापरासाठी घेताना एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर चाकं बघा. स्पोकचं चाक दिसतं सुरेख, पण साध्या स्पोकच्या रिमला प्रत्येक निपलसाठी, म्हणजे स्पोक आवळायच्या नटासाठी, आरपार भोक असतं. त्या भोकांतून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब घालावीच लागते. नेहमीचा त्रास या एका ट्यूबमुळे सुरू होतो.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की रबर त्याला घट्ट धरून ठेवतं, हवा हळूहळू उतरते. खिळा काढायचा, भोक रीमरने घासून साफ करायचं, चिकट पट्टी दाबायची, हवा भरायची. चाक न काढता दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. ट्यूबमध्ये खिळा घुसला की ट्यूब हलत राहते, भोक फाटत जातं आणि हवा टायर-रिमच्या मधून स्पोकच्या भोकांवाटे भसकन बाहेर पडते. मग चाक काढा. मागचं चाक म्हणजे ॲक्सलचा नट, चेनचे ॲडजस्टर, ब्रेकची जोडणी, आणि गाडी उभी राहायला मेन स्टँड. मेन स्टँड नसेल तर हे काम रस्त्याच्या कडेला एकट्याने होत नाही. तेव्हा स्पोकची गाडी बघताना मेन स्टँड आहे का, नसेल तर बसवता येतो का, हे आधी विचारा.

ट्यूबचं आणखी एक पंक्चर असतं, त्यात खिळ्याचा संबंधच नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं की ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटीत सापडते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. तशा चिरा दिसल्या की दोष खिळ्याचा नाही, हवेचा आहे. ट्यूबमधली हवा ट्यूबलेसपेक्षा लवकर उतरते, म्हणून दर आठवड्याला, गाडी थंड असताना, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे मोजा. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तोही बघा.

ट्यूबमध्ये घालायचं जेल काट्याएवढ्या भोकाला चालतं, फाटलेल्या ट्यूबला नाही. शिवाय ते ओलं जेल पसरलं की ठिगळ चिकटत नाही, आणि पंक्चरवाला वैतागतो ते वेगळंच. त्यापेक्षा एक सुटी ट्यूब सोबत ठेवा. नवा टायर घालताना ट्यूब नवी घाला आणि रिमवरची रबरी पट्टीही तपासा. ती सरकलेली किंवा कुजलेली असेल तर निपलचं टोक आतून ट्यूबला घासून भोक पाडतं, आणि मग दर महिन्याला पंक्चर होतं पण टायरमध्ये खिळा कधीच सापडत नाही.

यातून सुटायचे मार्ग आहेत. काही गाड्यांच्या स्पोकची भोकं रिमच्या बाहेरच्या कडेला असतात, हवेच्या पोकळीत उघडतच नाहीत. ट्रायम्फच्या स्क्रॅम्बलर १२००ला अशी ट्यूबलेस स्पोकची चाकं आहेत. दुसरा मार्ग सरळ अलॉय चाकांचा. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५०ला २०२३पासून अलॉयचा पर्याय मिळाला. क्लासिक ३५०च्या काही रंगांना अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर असतात, बाकीच्यांना स्पोक आणि ट्यूब. रंग निवडला की पंक्चरचा प्रकारही निवडला जातो, हे बऱ्याच जणांना घरी गेल्यावर कळतं. साध्या स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस टायर चढवून ‘आता ट्यूब नको’ असं मात्र करू नका. रिमच्या आत टायर धरून ठेवणारा उंचवटा नसेल तर हवा कमी होताच टायर रिमवरून निसटू शकतो.

स्पोकची देखभाल अवघड नाही, फक्त ती करावी लागते. नव्या गाडीत पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरमध्ये स्पोक बसतात आणि थोडे ढिले पडतात. मेन स्टँडवर चाक हळू फिरवत प्रत्येक स्पोकवर लहान पान्याने टिचकी मारा. घट्ट स्पोक टणटणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. एवढी परीक्षा सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात पुरते. चाक आउट झालंय का बघायला फोर्कला किंवा मागच्या आर्मला प्लास्टिकची एक टाय बांधा, तिचं टोक रिमपासून दोन-तीन मिमीवर ठेवा आणि चाक फिरवा. फट दोन मिमीपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल तर आउट काढून घ्या. स्वतः काढत असाल तर निपल एका वेळी पाव फेरीच फिरवा आणि समोरच्या बाजूचा स्पोक तेवढाच सैल करा. एक स्पोक तुटला तर ‘बाकीचे आहेत की’ म्हणून चालवू नका. त्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो आणि पुढे तेच तुटतात.

स्पोकच्या बाजूनेही एक सांगायला हवं. मोठ्या खड्ड्यात अलॉयची कड दबली की ट्यूबलेसची हवा तिथून झिरपते, आणि तडा गेला तर चाक बाद. स्पोकचं चाक वाकलं तरी बहुतेक वेळा सरळ होतं. खडबडीत रस्ता रोजचाच असेल आणि पंक्चर काढायची सोय जवळ असेल, तर स्पोक निवडणं चूक नाही.

क्लासिकसारख्या गाड्यांचं पुढचं चाक १९ इंचांचं असतं. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, वरून जातं; बदल्यात गाडी वळायला किंचित सुस्त वाटते आणि १७ इंचाच्या मानाने टायरची निवड कमी असते.

वजन, उंची आणि बसण्याची ढब

क्लासिक ३५०चं वजन १९५ किलो, होंडाच्या सीबी३५०चं १८१, बॉनव्हिल टी१२० तर २३० किलोच्या पुढे. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही, उलट ती रस्त्याला धरून असल्यासारखी वाटते. जाणवतं ते इंजिन बंद असताना. शोरूममध्ये गाडीवर नुसतं बसू नका. इंजिन बंद ठेवून ती दहा पावलं मागे ढकला, हँडल पूर्ण वळवून अर्धी फेरी घ्या, मग किंचित चढावर तेच करा. तुमच्या पार्किंगमध्ये रोज दोनदा हेच होणार आहे.

सीटची उंची कागदावर ८०५ मिमी वाचून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि तेवढेच पाय आखूड पडतात. अरुंद सीट वीस मिमी उंच असूनही पाय टेकू देते.

हँडलवरून रेट्रोचे उपप्रकार पडतात, आणि रोजच्या वापरासाठी हा फरक इंजिनापेक्षाही मोठा आहे. सरळ, थोडं उंच हँडल आणि पायाखाली मधोमध असलेले फुटरेस्ट ही सर्वांत सोयीची बैठक. कॅफे रेसरला क्लिप-ऑन हँडल असतं, म्हणजे फोर्कलाच खाली जोडलेले दोन तुकडे. वेगात वारा छाती उचलून धरतो, म्हणून मनगटांवर भार येत नाही. सिग्नलच्या गर्दीत वारा नसतो, मग सगळा भार तळहातांवर, आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं. स्क्रॅम्बलरचा उंचावरून गेलेला सायलेन्सर दिसतो देखणा, पण उभ्या गाडीत पोटरीला नाहीतर मांडीला भाजतो आणि त्या बाजूला बॅग लागत नाही. बॉबरला मागची सीटच नसते. टाकीही लहान, ट्रायम्फच्या बॉबरची २०१७ साली फक्त ९ लिटरची होती, पुढे १२ लिटरची केली.

आता वारा. ताठ बसलेला माणूस म्हणजे वाऱ्यापुढे उघडलेली छत्री. वेग ताशी ६०वरून ९० झाला की वाऱ्याचा रेटा सव्वादोनपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद जवळपास साडेतीनपट. लहान इंजिनाची रेट्रो गाडी ९०नंतर हळूहळू दमते आणि पेट्रोल जास्त खाते, ते मुख्यतः यामुळे. काच बसवायची असेल तर चालवून बघून घ्या. फार छोटी काच वारा छातीवरून उचलून नेमका हेल्मेटवर मारते, आणि तो फडफडाट आधीपेक्षा जास्त त्रासदायक होतो.

शॉकअप, ब्रेक आणि दिवा

मागच्या दोन शॉकअपची धाव बेताची असते, चाक साधारण ८० ते १०० मिमी हलतं. म्हणून स्प्रिंगचा ताण वजनाप्रमाणे लावणं इथे जास्त महत्त्वाचं. शॉकअपच्या खालच्या किंवा वरच्या खाचांची कडी हुक पान्याने फिरते. हा पाना बहुधा टूलकिटमध्ये असतो आणि बहुधा कधी बाहेर निघत नाही. मागे रोज कोणी बसत असेल तर ताण एक-दोन खाचा वाढवा. दोन्ही बाजूंची खाच सारखीच हवी. हे न करता ‘गाडी मागे आपटते’ म्हणून शॉकअप बदलणारे पुष्कळ असतात.

ब्रेक बघताना पुढची डिस्क, एबीएस एका चाकाला आहे की दोन्ही, आणि मागे ड्रम आहे का, एवढं विचारा. जड गाडीला मागे ड्रम असेल तर लांब उतारावर तो तापून ढिला पडतो. तिथे खालच्या गियरमध्ये इंजिनाचाच ब्रेक वापरावा.

गोल हॅलोजनचा उजेड पुरत नाही म्हणून काही जण ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचा बल्ब घालतात. लो बीमलाच करंट साडेचार अँपिअरच्या आसपास असतो, तो सातच्या पुढे जातो. आधी होल्डर वितळतो, मग स्विचचे पॉइंट जळतात. मोठा बल्ब घालायचाच असेल तर रिले आणि जाड वायर हवी, आणि चार्जिंगला तो भार पेलतो का हेही तपासलं पाहिजे. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर उजेडाचा उगम फिलामेंटच्या नेमक्या जागी येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत चमक जाते आणि रस्त्यावर डाग पडतात.

इंजेक्शनच्या गाडीला किक नसेल तर बॅटरी हाच एकमेव आधार. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर दिसलं तर ठीक, १२.४च्या खाली आलं तर चार्ज करा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५च्या दरम्यान हवं. दोन-तीन आठवडे गाडी हलणार नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

उष्णता

हवेने गार होणाऱ्या इंजिनाला हवा लागते, आणि गर्दीत ती नसते. म्हणून मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणं चांगलं. इंजिन ऑइल इथे वंगणाबरोबर गार करण्याचंही काम करतं. लेव्हल कमी असेल तर उरलेलं ऑइल लवकर तापतं आणि लवकर खराब होतं. गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी लेव्हल बघा. साइड स्टँडवर बघितलेली लेव्हल खोटी. ग्रेड पुस्तकात लिहिलेलाच वापरा.

पाण्याने गार होणारी रेट्रो इंजिनाला सांभाळते, तुमच्या पायांना नाही. पंखा सुरू झाला की रेडिएटरची गरम हवा नडग्यांवरच येते.

सायलेन्सरची नळी इंजिनाजवळ निळी-सोनेरी पडते, ती उष्णतेने; एकेरी पत्र्याच्या नळीत हे होणारच. गाडी बिघडलेली नाही.

क्रोम आणि लोखंड

प्लास्टिकच्या पॅनेलची गाडी आठवडाभर धुतली नाही तरी काही होत नाही. क्रोमला चालत नाही. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्यात सूक्ष्म भेगा असतात. खाली निकेल आणि त्याखाली लोखंड. ओल आणि खारट हवा तिथून आत शिरते आणि तांबूस ठिपके उमटतात. ते ठिपके खरवडायचे नाहीत. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघून येतो. मग पुसून मेण लावा. खरी गंजण्याची जागा मडगार्डच्या पोटात असते, जिथे चिखल सुकून बसतो. धुताना तिथे हात घाला. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर जवळून मारू नका.

मॅट रंगाला पॉलिश लावलं की जागोजागी चमकदार चट्टे पडतात, आणि ते परत निघत नाहीत. शाफ्ट ड्राइव्हची, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक फिरवणारी गाडी, उदाहरणार्थ मोटो गुझी व्ही७ किंवा बीएमडब्ल्यू आर नाइनटी, घेतलीत तर चेनला ऑइल लावायची कटकटच संपते; शाफ्टचं ऑइल वेळेवर बदललं की झालं.

देखभालीच्या खर्चाचा अंदाज दिसण्यावरून नाही, टॅपेटवरून, म्हणजे वाल्व्हची फट जुळवण्याच्या कामावरून, बांधा. एका सिलिंडरच्या दोन वाल्व्हची फट स्क्रूने जुळवायला फार वेळ लागत नाही. झेड९००आरएसला सोळा वाल्व्ह आहेत, आणि तिथे फट चुकली तर कॅमशाफ्ट काढून शिम (पातळ चकत्या) बदलावे लागतात. दोन्ही गाड्यांचा हेडलाइट गोलच.

सामान

रेट्रो गाडीला सीटखाली डबा नसतो, मागे पकडायला कडी असेलच असंही नाही. रोज लॅपटॉप आणि रेनकोट न्यायचा असेल तर मागचं कॅरियर आणि एका बाजूची बॅग धरूनच हिशेब करा. बॅगेला लोखंडी फ्रेम हवीच. ती नसेल तर बॅग आत झुकून चाकाला घासते किंवा सायलेन्सरला टेकून वितळते.

कापून-जोडून बनवलेली गाडी

अशी गाडी विकत घेण्याआधी काय काढलंय ते बघा, काय लावलंय ते नंतर. एअर फिल्टरचा डबा काढून उघडे कोन फिल्टर लावले असतील आणि कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) बदलले नसतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं: इंजिन तापतं, थ्रॉटल सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, मधल्या आरपीएमला गाडी अडखळते. मागचं मडगार्ड काढलं असेल तर पावसात तुमच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ उमटेल. पुढचं आखूड केलं असेल तर चिखल इंजिनावर आणि हॉर्नवर. सायलेन्सरला गुंडाळलेली पट्टी ओल धरून ठेवते आणि नळी आतल्या आत गंजते. पट्टी सोडून दाखवायला सांगा. खडबडीत नक्षीचे जाड टायर ओल्या डांबरावर कमी पकड देतात. सीटच्या टोकाशी कापलेली मागची फ्रेम असेल तर तिथलं वेल्डिंग आणि आडवी नळी परत घातली आहे का हे बोटाने चाचपून बघा. ती नसेल तर मागे कोणालाही बसवू नका.

चाचणी घ्यायची तर रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं नको. तुमच्या नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेळी, पाठीला नेहमीची बॅग लावून चाळीस मिनिटं चालवा, आणि परत आल्यावर गाडी लगेच उभी करू नका. तिसऱ्या गियरमध्ये ताशी ३० ठेवून बघा, गचके देते का. खड्ड्यावरून मुद्दाम एकदा जा. उतरल्यावर मनगटं, कंबर आणि उजवी पोटरी या तीन जागा काय सांगतात ते बघा. मग विक्रेत्याला टूलकिट उघडायला सांगा आणि मागच्या ॲक्सलच्या नटाला बसणारा पाना त्यात आहे का ते लावून बघा.